हिरवे फडताळ

आमच्या नव्या फ्लॅटमध्ये एक फडताळ आहे. हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असले, तरी स्थापत्याच्या दृष्टीने सपशेल चूक आहे, असे आमच्या इंजिनिअर मेहुण्यांचे मत पडले. फडताळ म्हणजे भिंतीच्या पोटातले कपाट. आणि त्यासाठी भिंतीला मुळात पोट असावे लागते. जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. त्यांच्या पोटात फडताळे, कोनाडे, दिवळ्या आणि एखाद्या खाष्ट आजेसासूबाईंचे डबोलेदेखील सुखाने मावत असे. आजच्या इमारतीची बाहेरची भिंत सहा इंचांची आणि आतली चार इंचांची. तीत फडताळ खोदायला गेलात, तर ते शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात उघडायचे.

तेव्हा आमचे फडताळ भिंतीत नसून भिंतीच्या आश्रयाला आहे, हे कबूल करून टाकतो. सिमेंटचा खांब आणि भिंत यांच्यामध्ये साडेतीन फूट रुंदीचा आणि पावणेदोन फूट खोलीचा एक कोपरा बिल्डरने आमच्यासाठी ठेवला होता. ठेवला म्हणजे, त्याचे काय करावे हे त्यालाही सुचले नव्हते. त्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत हे फडताळ बसवले आहे, आणि त्याची मधली दोन दारे आमच्या जुन्या वाड्यातल्या माजघराच्या फडताळाची आहेत. या दोन दारांपायी आमच्या घरात गेल्या काही महिन्यांत जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. त्या चर्चेची आणि तिच्या ओघात मला मिळालेल्या सुतारकामाच्या शिक्षणाची ही हकिकत.

मी मराठी शिकवतो. त्यामुळे कोणतीही गोष्ट हातात आली, की आधी तिचे नाव उलटसुलट करून पाहण्याची खोड आहे. 'कपाट' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ आहे दाराची फळी, दार. बदरीनाथाचे 'कपाट' उघडले अशी बातमी हिंदी वर्तमानपत्रांत दर वर्षी येते, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या साध्या माणसाला देवाचे कपडे ठेवायचे कपाट उघडले की काय असे वाटते. तिकडे देवळाचे दार उघडलेले असते. मराठीत मात्र दाराचे नाव अख्ख्या खोक्याला मिळाले. भिंतीत कोनाडा होताच, त्याला फळ्यांचे दार लावले आणि त्या दारावरूनच सगळ्याला नाव पडले, असे घडले असावे असा माझा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, आमच्या बाबतीत तो अक्षरशः लागू पडला. भिंत गेली, कोनाडा गेला, उरली ती दारे.

वाडा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. आम्ही त्याचे मालक नव्हतो. तीन पिढ्यांचे बिऱ्हाडकरू. २०२१ साली वाडा पाडला. पाडकामाचा एक नियम तोवर मला ठाऊक नव्हता. वाडा पाडणारा ठेकेदार जो मोबदला ठरवतो, त्यात खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, दारे-खिडक्या, इतकेच काय बिजागऱ्यासुद्धा धरलेल्या असतात. म्हणजे ज्या दाराच्या कडीला लोंबकळून मी लहानपणी मार खाल्ला होता, ते दार वाडा रिकामा केल्याच्या दिवशीच त्याचे झाले होते. मी दोन दारे चौकटीसह, दोन खांब आणि कडीपाटाच्या काही फळ्या त्याच्याकडून रोख पैसे मोजून विकत घेतल्या. "सर, सागाला दर आहे, आठवणींचे आपण काही लावत नाही," असे तो म्हणाला. तीन वर्षे तो माल भाड्याच्या घरात पलंगाखाली आणि माझ्या एका सज्जन विद्यार्थ्याच्या गोदामात पडून होता. २०२४ च्या मे महिन्यात नव्या घराचा ताबा मिळाला आणि मिस्त्रींना बोलावणे गेले.

मिस्त्रींनी आल्याआल्या खांबावर टिचकी मारली, कोपरा पटाशीने थोडासा तासला, नाकाशी धरला आणि निकाल दिला, "बर्मा आहे."

पुण्यात जुने सागवान निघाले की ते बर्माच असते. जशी सगळी जुनी भांडी आजीच्या माहेरची असतात, तसेच हे. वास्तविक सह्याद्रीच्या आणि मलबारच्या सागानेही इथली पुष्कळ घरे उभी केली आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे बर्मी साग मुंबईच्या बंदरात भरपूर उतरू लागला आणि त्याचे नाव झाले. या लाकडाने एक राज्यही बुडवले आहे. १८६३ साली निघालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने जंगलातून ठरल्यापेक्षा जास्त साग काढला, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ साली तिला जबर दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. त्यांनी त्याच वर्षी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पकडून आणून १८८६ साली आपल्या रत्नागिरीत ठेवले. तिथे १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात तो राहिला आणि १९१६ साली तिथेच वारला. राजाचा देश गेला, आणि त्या देशातला साग आमच्याकडे कडीपाटाला लागला. पुढे १९३७ साली बर्मा हिंदुस्थानापासून वेगळा झाला. आणि म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. तेव्हा आमचा खांब खरोखर इरावतीकाठचा की मलबारातला, हा प्रश्न मी मिस्त्रींपुढे उकरून काढला नाही. भाव मात्र बर्माचा दिला होता.

जुन्या सागाची महती सांगताना लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे त्यातून हाती किती लागते. सहा इंच चौरस, आठ फूट लांब असा खांब म्हणजे बरोबर दोन घनफूट लाकूड. कागदावर ते भरघोस दिसते. पण बाहेरचा अर्धा-अर्धा इंच चुन्याने, तेलाने आणि खिळ्यांनी खराब झालेला असतो; तो तासून काढला की पाच इंचांचा चौरस उरतो. करवतीची वाट वजा जाता त्यातून इंचाच्या चारच फळ्या निघतात. पाच इंच रुंद, आठ फूट लांब अशा चार फळ्या म्हणजे जेमतेम सव्वातेरा चौरस फूट. आणि शिवाय करवतवाला तुमचा खांब हातात घ्यायलाच तयार नसतो. जुन्या लाकडात बुडून बसलेला एक खिळा त्याचे पाते मोडतो. आमच्या खांबांतून आम्ही तीन संध्याकाळी बसून खिळे उपटले. वरून दिसणारे पक्कडीने, आणि न दिसणारे मुलाच्या खेळण्यातला लोहचुंबक फिरवून. एकूण एक्काहत्तर निघाले. एकेका पिढीने कॅलेंडरे, पाळणे, मुंडावळ्या आणि वायरी टांगण्यासाठी ठोकलेले ते खिळे पाहून बायको म्हणाली, "तुमच्या घरच्यांना खुंटी ठाऊक नव्हती का हो?"

पण एवढे सोसून जे लाकूड मिळते, त्याला तोड नाही. सागाच्या गाभ्यात स्वतःचे तेल असते, वाळवीला न रुचणारी द्रव्ये असतात. आणि शंभर वर्षे छपराखाली राहिल्याने ते इतके निवलेले असते, की कापल्यावर वाकत-पिळत नाही. निवलेले म्हणजे मेलेले मात्र नव्हे. पावसाळ्यात तेही हवेतले पाणी पिते आणि आडवे फुगते. म्हणून दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायची, तिला सरस वा फेव्हिकॉल लावायचा नाही. आणि दोन दारांच्या मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवायची. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार श्रावणात उघडत नाही, आणि नेमके त्यातच वरईचे तांदूळ असतात. ज्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, तिला लाकूड चिकटवू नये. मागे बोटभर अंतर सोडून पट्ट्यांवर पाठ बसवावी, हाही मिस्त्रींचाच सल्ला.

आता दारांकडे येतो. ही दारे हिरवी होती. पुण्याच्या वाड्यांतून जो एक विशिष्ट हिरवा ऑइलपेंट असे, पोपटी नव्हे, बाटलीचाही नव्हे, थोडासा सरकारी म्हणावा असा, तोच. आणि तो एकदा दिलेला नव्हता. कोपऱ्यात टवका उडाला होता, तिथे हिरव्याखाली हिरवा आणि त्याखाली आणखी एक हिरवा असे थर मोजता येत होते. आम्ही नवरा-बायकोंनी एकमताने ठरवले की हा रंग काढायचा आणि आतला साग मोकळा करायचा. एकमत इतके दुर्मीळ, की आईला विचारायचे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही.

मिस्त्रींच्या पोऱ्याने घासायचे यंत्र लावले. पाच मिनिटांत खोलीभर हिरवी धूळ झाली. माझी धाकटी मुलगी त्या धुळीत बोटाने चित्रे काढत बसली होती. योगायोगाने आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्या दिवशी घर पाहायला आले होते. त्यांनी दारातूनच ओरडून यंत्र बंद करायला लावले, आणि मुलीला उचलून थेट न्हाणीघरात नेले. जुन्या ऑइलपेंटांत शिसे असे, हे त्यांनी मला सांगितले. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत शिसे नव्वद भागांहून जास्त नको, अशी ती मर्यादा. म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही रंगाच्या थराकडे संशयानेच पाहिले पाहिजे, आणि आमचा थर तर साठ वर्षांचा. शिशाची धूळ श्वासातून, बोटांतून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. ते नुकसान भरून येत नाही. आम्ही मुलीचे रक्त तपासून घेतले. अहवाल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी फडताळाचे नावही काढले नाही. अहवाल चांगला आला म्हणून हा लेख लिहीत आहे, एरवी लिहिला नसता.

त्यानंतर रंग काढला तो रीतसर. मुले आणि आई आत्याकडे. जमिनीवर प्लास्टिक. रंग मऊ करणारे द्रव्य लावायचे, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या टाकून; मग ओल्यानेच खरवडायचे, म्हणजे धूळ उडत नाही. खरवडलेला लगदा पिशवीत बांधून वेगळा ठेवायचा. तो झाडांच्या कुंडीत किंवा गटारात टाकायचा नाही. गॅसच्या ज्योतीने रंग भाजून काढण्याची एक झटपट रीत आहे, ती आम्हाला दोघातिघांनी सुचवली. त्यात शिशाची वाफ होते, तेव्हा ती अजिबात करू नये. धूळ कोरड्या झाडूने लोटायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची आणि फडके फेकून द्यायचे. मिस्त्रींना हे सगळे थेर वाटले. पण तोंडाला पट्टी त्यांनीही बांधली.

आणि तिसरा हिरवा निघाल्यावर खाली साग दिसला. मधासारखा, उभ्या काळसर रेषांचा. दोन्ही दारांच्या खालच्या अंगाला वीतभर उंचीवर मात्र एक आडवी काळी रेघ होती, आणि तिच्या खाली लाकूड डागाळलेले होते.

"हा डाग ऑक्सॅलिक ॲसिडने जाईल," मिस्त्री म्हणाले.

मी आत्याला फोन केला. ती त्या वाड्यात जन्मलेली. फोनवर काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "अरे, तो पुराचा डाग. पानशेतच्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते."

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले, हे पुण्यातल्या घराघरांत माहीत आहे. वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळल्या आणि कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडे तेवढे उभे राहिले. आमचा वाडा कसाबसा तगला. पाणी ओसरल्यावर माजघरात मांडीभर गाळ होता आणि तो उपसायला बरेच दिवस लागले. फडताळाचा उंबरा जमिनीपासून हातभर वर. त्यामुळे गाळ दारांच्या वीतभरापर्यंत चढून बसला होता. "आईला तो डाग बघवेना," आत्या म्हणाली. आई म्हणजे माझी आजी. "आत लोणच्याच्या बरण्या होत्या, पोथ्या होत्या, दादाची पुस्तकं होती. सगळं गेलं. पुढच्या दिवाळीला तिनं हिरवा रंग आणून दारं रंगवून टाकली. त्याआधी ती साधी तेल लावलेलीच असायची."

म्हणजे हिरवा रंग हे त्या फडताळाचे मूळ रूप नव्हते, तो एक पडदा होता. आणि तो आम्ही ओढून काढला होता. मी मिस्त्रींना रेघेला हात लावू नका म्हणून सांगितले. त्यांनी माझ्याकडे, पगारी माणसाने पैसे देऊन डाग विकत घ्यावा तसे, पाहिले.

पॉलिशचे काम स्वतंत्र माणसाचे. सुतार लाकडाला आकार देतो, पण त्याला चेहरा पॉलिशवाला देतो. आमचे पॉलिशवाले काका पासष्टीचे, अबोल. हल्ली बहुतेक ठिकाणी मेलामाइन किंवा पीयू यंत्राने फवारतात. ते कणखर असते, पाण्याला आणि उष्णतेला दाद देत नाही; स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटांना मी तेच सुचवीन. पण त्याला एकदा खोल ओरखडा पडला, की सगळा थर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काकांचा हात बसलेला तो जुन्या फ्रेंच पॉलिशवर. यात फ्रेंच काय ते नाव. खरा माल लाख: कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवर बसणारा एक बारीक किडा जी राळ पाझरतो, ती. 'लाक्षा' हा शब्द आपल्याकडे लाक्षागृहाइतका जुना आहे. पांडवांना जाळण्यासाठी दुर्योधनाने जे निवडले, तेच आपण दिवाणखान्यात हौसेने लावतो. ही लाख आजही मुख्यतः झारखंडातून येते. रांचीजवळ नामकुमला तिच्या संशोधनासाठी १९२४ साली काढलेली संस्था अजून आहे. तिचा पातळ पापुद्रे केलेला चपडा लिटरभर स्पिरिटमध्ये सुमारे दीडशे ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजत घालायचा. स्पिरिट उसाच्या मळीचे. झाले फ्रेंच पॉलिश.

लावण्याची रीत पाहण्यासारखी असते. आधी काचकागद, सदैव रेषांच्या दिशेने. मग सागाची रोमरंध्रे बुजवण्यासाठी खडूची भुकटी, तीत रंगापुरती पिवडी आणि गेरू. त्यानंतर मऊ जुन्या सुती फडक्यात कापूस बांधून बोळा करायचा. नवे कापड चालत नाही, काकांनी माझे पंधरा वर्षांचे धोतर पसंत केले. बोळ्याने आधी सरळ, मग गोल गोल आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, बोळा अडखळू लागला तर तेलाचा एखादाच थेंब. एक हात सुकला की दुसरा. पंधरा-वीस हात होतात. गंमत अशी, की नव्या हातातले स्पिरिट जुन्या हाताला किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून दहा वर्षांनी ओरखडा पडला तरी तेवढ्यावरच बोळा फिरवून भागते, जोड दिसत नाही. या एका गुणासाठी मी त्याचे बाकीचे सारे अवगुण माफ केले.

अवगुण लगेच दिसलेही. आम्हाला घाई. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस. काका म्हणाले, "सर, चार दिवस थांबू." मी म्हणालो, पंखा लावू. दुसऱ्या दिवशी सकाळी दारांवर धुके उतरल्यासारखी पांढरी साय होती. स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, ते थरात अडकते. काकांनी काही न बोलता नुसत्या स्पिरिटचा बोळा फिरवून ते काढले आणि घरी निघून गेले. गणपती झाल्यावर आले.

आता दुसरी अडचण. मधली दारे मधाळ, खांबांच्या फळ्या लालसर, कडीपाटाच्या चुलीच्या धुराने काळपट. तिन्ही एका फडताळात म्हणजे तीन भाषांतला एक निबंध. इथे झिलई कामाला येते. मातीच्या भांड्यांवरची झिलई आपल्याला ठाऊक असते. लाकडावरची झिलई म्हणजे पारदर्शक, पातळ रंगाचा हात, ज्यातून खालचे दिसते पण थोडे बदलून दिसते. रंग झाकतो, झिलई झाकत नाही. काकांनी चपड्याच्या दोन हातांमध्ये कुठे गेरू, कुठे काजळीची चिमूट घातलेला एकेक हात दिला, आणि पंधरा दिवसांत तिन्ही लाकडे एका घरातली दिसू लागली. जुळी नव्हेत, भावंडे.

घटस्थापनेला आईला आणले. ती फडताळापुढे उभी राहिली. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने दारावर हात फिरवला, कडी खालीवर केली आणि म्हणाली, "छान आहे. कुठून आणलंत?"

मी म्हणालो, "आई, हे आपलंच. माजघरातलं."

"आपलं हिरवं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

आई त्या वाड्यात १९७३ साली लग्न होऊन आली. तिने फडताळ पाहिले ते हिरवेच. दर चार-पाच वर्षांनी त्यावर नवा हात द्यायचा तो तिने स्वतः दिलेला. खालचे दोन हिरवे आजीचे असतील, वरचा हिचा. आम्ही ज्याला घाण समजून पिशवीत बांधून टाकले, ती तिची पंचेचाळीस वर्षांची देखभाल होती. उघड्या लाकडाची आवड आजची आहे. तेव्हाच्या बायकांना लाकूड धड राहायला हवे होते, दिसायला नको होते. पुराच्या रेघेचे कौतुकही मलाच. आईला तो डाग कधी माहीतच नव्हता, आणि आजीला तो नको होता.

दोन दिवस घरात शांतता. मग बायको म्हणाली, "झिलई हिरवी करता येते का, विचारा ना काकांना."

काकांनी डोके खाजवले. असले काम त्यांनी कधी केले नव्हते. आम्ही वर-खालची दारे सोडून फक्त मधल्या दोन दारांच्या आतल्या फळ्या घेतल्या. चपड्याचा हात खाली होताच. त्यावर बेलतेल, टर्पेंटाइन आणि शिसे नाही हे डब्यावर वाचून आणलेले हिरवे, त्यात पिवडी आणि काजळी अगदी थोडी. ब्रशाने लावायचे आणि दहा मिनिटांनी फडक्याने पुसून काढायचे. खाचांत, रेषांत राहील तेवढेच राहू द्यायचे. चार वेळा जमले नाही. एकदा फार पोपटी झाले, एकदा शेवाळ. पाचव्यांदा आईला बोलावून छटा तिच्याकडून ठरवून घेतली. तिने सरळ काजळीचा डबा उचलला आणि म्हणाली, "थोडं मळकं करा."

एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. बेलतेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना तापते, आणि असे गोळे आपोआप पेट घेतात. फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. आणि स्पिरिटचे काम चालू असलेल्या खोलीत देवापुढचे निरांजनसुद्धा लावू नये. दिवाळीच्या तोंडावर ज्यांच्या घरी पॉलिश चालू असेल, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

झिलई आठवडाभर वाळली. वर चपड्याचे सहा हात झाले. आता दिवसा लांबून दारे हिरवट दिसतात, जवळ गेले की साग दिसतो, आणि संध्याकाळी तिरप्या उजेडात खाली पुराची रेघ दिसते. आत्या येऊन गेली. ती रेघेपाशी वाकली, चष्मा पुसला आणि आईला म्हणाली, "वहिनी, इथपर्यंत होता बघ गाळ." आई म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही कधी." मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बोलत बसल्या. काय ते मला कळले नाही.

आईने अजून हे आपले फडताळ आहे असे म्हटलेले नाही. पण तिची लोणच्याची बरणी, पोथी आणि औषधांचा डबा आता त्यात असतो. परवा तिने बेसनाचे गरम पातेले खालच्या उंबऱ्यावर टेकवले आणि पॉलिशवर पांढरा गोल उठला. बायको हळहळली. काकांना फोन केला, ते म्हणाले, पाडव्यानंतर येतो, पाच मिनिटांचं काम आहे.